फोटोत कुणाकडे बघायचं?

माझ्या भावाचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. आता त्या जागेत त्याचा मुलगा झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं काम करतो. माझी मुलगी पुण्यात असते आणि लोकांच्या घरी जाऊन फोटो काढते. बारशी, डोहाळजेवणं, साठीशांत, आणि लग्नसराईत अर्थातच लग्नं. धंदा एकच, पण दोघांना एका खोलीत बसवलं की वाद ठरलेला, आणि वादाचा विषयही ठरलेला : घरच्या माणसांच्या फोटोत भाव येतो कुठून? मामाच्या मते तो बसवावा लागतो. भाचीच्या मते बसवला की मेला. गेल्या दिवाळीत जुन्या अल्बमांचा ढीग काढून दोघं बसले होते, तेव्हा फराळाच्या ताटल्या भरता भरता जे कानावर पडलं ते खाली देते आहे. मध्ये मध्ये माझी लुडबुड आहे. दोघंही माझेच असल्यामुळे ती मला माफ असावी.

भाची : मामा, तुझ्या या अल्बमात एक माणूस हसेल तर शपथ. हा लग्नाचा जोडफोटो, हा बारशाचा, हे कुणीतरी मॅट्रिक पास झालेले. सगळे पोलीस चौकीत जबानी द्यायला आल्यासारखे.

मामा : अगं, फोटो म्हणजे काय गंमत होती का? माणूस वर्षा-दोन वर्षांतून एकदा स्टुडिओत यायचा. धुतलेले कपडे, डोक्याला तेल. आत आरसा होता, कंगवा दोरीनं बांधून ठेवलेला, पावडरचा डबा. कोट आणि टाय आमचा. कोटाचं माप एकच. बारीक माणूस आला की मागून चिमटे लावायचे. पुढून बघणाऱ्याला वाटावं, हा कोटातच जन्मला.

भाची : तेच म्हणते मी. कोट तुझा, पडदा तुझा, हात कुठे ठेवायचा तेही तू सांगणार. मग त्यात त्या माणसाचं काय उरलं? सुरुवातीच्या काळात हसता येत नव्हतं, ते मला समजतं. १८३९ साली दागेरचं तंत्र जाहीर झालं, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. तेवढा वेळ हसू टिकत नाही. पण तुझ्या वेळी तर एका सेकंदाच्या आत काम व्हायचं. मग?

मामा : मग काय? तो फोटो भिंतीवर लागायचा. पुढची तीस-चाळीस वर्षं येणारा-जाणारा बघणार. त्यात दात काढून बसलेला माणूस कुणाला हवा होता? आणि भाव म्हणजे फक्त हसणं आणि रडणं, हे कुणी ठरवलं? संकोच हा भाव नाही? पहिल्यांदा मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या बापाची ताठ मान, तो भाव नाही?

भाची : आहे. पण ‘स्माईल प्लीज’ म्हणून आणलेलं हसू खोटं असतं एवढं तरी कबूल कर. द्युशेन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. लोकांच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन त्यानं फोटो काढवले आणि १८६२ साली पुस्तक केलं. त्याचं म्हणणं, ओठांचे कोपरे मनात आणलं की वर नेता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू आतून आनंद झाल्याशिवाय हलत नाही.

मामा : त्यासाठी विजेचे झटके कशाला द्यायचे? स्टुडिओवाल्याला विचारायचं. मी जन्मात कुणाला ‘स्माईल प्लीज’ म्हटलं नाही. मी म्हणायचो, डोळे मिटा. मी तीन म्हणेन तेव्हा उघडा. मिटलेले डोळे उघडले की क्षणभर माणूस नुसता बघतो. आपण फोटोला बसलोय हे त्याच्या ध्यानात नसतं. ते ध्यानात यायच्या आत काम झालेलं असायचं.

भाची : म्हणजे तूही पकडायचासच! हे कँडिडच झालं की.

मामा : सांगून पकडायचो. तुमच्यासारखं नाही. परवा त्या लग्नात बघितलं ना मी तुमचं कँडिड. ‘एकमेकांकडे बघा, आता हसा, कपाळाला कपाळ लावा, कॅमेऱ्याकडे बघू नका, नॅचरल राहा.’ नॅचरल राहा! हार दोनदा घालायला लावले. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि अंतरपाटापुढे तीन कॅमेरेवाल्यांच्या पाठी. नवरीच्या आजीनं टाकलेल्या अक्षता पडल्या व्हिडिओवाल्याच्या टकलावर.

(हे खरं आहे. मी शेजारीच बसले होते. आजींचा नेम वाईट नव्हता, समोर माणूसच तो होता.)

भाची : ते वाईट काम आहे, मामा. वाईट स्टुडिओवाले नव्हते का? ताजमहालाच्या पडद्यापुढे लाकडी विमानात बसवायचे, तेही तुझ्याच धंद्यातले. मी कशी करते ते ऐक. कुणाच्या घरी गेले की आधी बराच वेळ कॅमेरा बाहेरच काढत नाही. चहा घेते. पोरांच्या हातात कॅमेरा देते, त्यांना चार फोटो काढू देते. मग त्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. लहान मुलाचा फोटो उभ्यानं काढत नाही, जमिनीवर बसते. वरून काढला की प्रत्येक मूल बिचारं दिसतं. फ्लॅश नाही. खिडकी बघते आणि घरातली माणसं आपोआप खिडकीशी कधी येतात त्याची वाट बघते. आणि लांबची लेन्स शक्यतो नाही. लांबून ओढलेल्या फोटोत रडू दिसेल, हसू दिसेल, पण आपण त्यांच्यात बसलोय असं वाटत नाही. पस्तीसची लेन्स लावली की जवळ जावंच लागतं.

मामा : हे बरं करतेस.

भाची : आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘झाला फोटो’ असं म्हटल्यावर जो फोटो मिळतो ना, तो माझा. ‘झालं’ म्हटलं की खांदे खाली येतात. नवरा बायकोच्या पदराला लागलेलं काहीतरी झटकतो. कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ सालचं ते प्रसिद्ध पुस्तक आहे, निर्णायक क्षणाबद्दलचं...

मामा : ब्रेसाँ मला सांगू नकोस, त्याची चित्रं मीही बघितलीत. तो रस्त्यावर फिरायचा. डबक्यावरून उडी मारणाऱ्या त्या माणसाची नि त्याची पुन्हा गाठ पडणार नव्हती. घरातलं माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला समोर असतं. त्याचा क्षण असा उचलून पळता येत नाही.

इथे मामा उठला आणि आतल्या खोलीतून आमच्या आईवडिलांचा फोटो घेऊन आला. हा फोटो त्यानंच १९७४ साली काढलेला, स्टुडिओ नुकताच टाकला होता तेव्हा. वडील खुर्चीत, आई मागे उभी. दोघंही सरळ समोर बघतायत. मी हा फोटो भिंतीवर इतकी वर्षं बघितला की बघायचंच सोडून दिलं होतं.

मामा : यात काय दिसतं?

भाची : आजोबा कडक. आजी घाबरलेली.

मामा : तोंडं सोड. खाली बघ. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात आहे ना?

भाची : हो. खुर्ची धरलीय.

मामा : चार बोटांनी धरलीय. करंगळी कुठेय?

करंगळी वडिलांच्या कोटाच्या खांद्यावर टेकलेली होती. टेकली होती म्हणणंही जास्त होईल, जेमतेम लागलेली. आमच्या आईनं चारचौघांत वडिलांना कधी हात लावलेला मला आठवत नाही. ती त्यांना नावानं हाक मारत नसे, त्यांच्या पंक्तीला बसत नसे.

भाची : हे तू सांगितलंस तिला? हात असा ठेव म्हणून?

मामा : मी खुर्ची धर म्हणालो होतो. करंगळी तिची. आणि मला ती फोटो काढताना दिसली नाही बरं का. नंतर निगेटिव्हवर टचिंग करताना दिसली. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, देवीचे व्रण भरून काढायचे. माझं नवं काम, म्हणून हातावरही पेन्सिल फिरवायला गेलो, आणि थांबलो.

भाची : (बराच वेळ फोटो जवळ धरून) हा कॅमेरा कुठला?

मामा : लाकडी, तिपाईवरचा. काळं फडकं डोक्यावर घ्यायचं. मागच्या घासलेल्या काचेवर सगळं चित्र उलटं दिसतं, डोकी खाली, पाय वर. आता तूच सांग, उलट्या माणसाचं हसू कळतं का?

भाची : नाही कळत. यावर प्रयोगसुद्धा झालाय. १९८० साली पीटर थॉम्पसन नावाच्या संशोधकानं मार्गारेट थॅचरबाईंचा फोटो घेतला, त्यातले फक्त डोळे आणि तोंड उलटे करून चिकटवले. चेहरा उलटा धरला की काही बिघडलंय असं वाटतच नाही. सुलटा केला की दचकायला होतं. उलट्या चेहऱ्यावरचे भाव आपल्याला नीट वाचता येत नाहीत.

मामा : घ्या! आम्ही चाळीस वर्षं तेच करत होतो. उलट्या काचेत तोंडाचा भाव कळायचा नाही, पण कोण कुणापासून किती लांब उभं आहे ते लख्ख दिसायचं. दोन भावांच्या मधली फट. सासूच्या खुर्चीपासून एक वीत मागे सरकलेली सून. मी त्या फटी बघून माणसं हलवायचो. आणि दुसरी गोष्ट ऐक. फोकस झाला, फिल्मची पेटी मागे सरकवली, की काच बंद. मग मी फडक्याबाहेर येऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहायचो, हातात रबरी बल्ब. माणसं बघायची कुणाकडे? कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. मी त्यांच्या ओळखीचा. पोराच्या बारशाचा फोटो काढलेला, आता पोराच्या मुंजीला आलेला. तुमचं तोंड कायम कॅमेऱ्यामागे. समोरच्या माणसानं बघायचं कुणाकडे, काचेच्या डोळ्याकडे?

यावर भाची गप्प बसली. हे फार वेळा होत नाही. मग तिनं फोनवर काहीतरी शोधून मामापुढे धरलं.

भाची : हे बघ. खरं तर हे दाखवलं की तू डोक्यावर बसशील. निकोलस निक्सन, अमेरिकन. यानं १९७५ पासून दर वर्षी आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी अशा चौघींचा एक फोटो प्रसिद्ध केला. कॅमेरा तुझ्यासारखाच, तिपाईवरचा मोठा. चौघींची उभं राहायची क्रमवारी दर वर्षी तीच. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानं चाळीस वर्षांचे चाळीस फोटो ओळीनं लावले.

मामा : (चष्मा कपाळावर सरकवून, एकेक फोटो पुढे सारत) कुणी हसत नाहीये.

भाची : फारसं नाही.

मामा : रडतही नाहीये. नुसत्या उभ्या आहेत. सुरुवातीला बघ, लांब लांब. हात बांधलेले. इथे एकीचा हात दुसरीच्या कमरेला आला. इथे तर सगळ्या एकमेकींना धरूनच उभ्या. हे कसं झालं? एका फोटोत झालं का? नाही. एकेक फोटो घेतलास तर काही विशेष नाही.

माझं मत इथे मामाच्या बाजूनं झुकलं, हे सांगून टाकते. एका फोटोत सगळा जीव ओतायची आजची हौस मला थकवते. वाढदिवसाच्या प्रत्येक फोटोत सगळ्यांनी तोंड उघडून टाळ्या वाजवायच्या, मग पुढच्या वर्षीचा आणि मागच्या वर्षीचा फोटो सारखाच दिसतो. आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. सूर्य पाठीशी घेऊन काढा, असा सगळ्यांचा सल्ला असे. तो पाळल्यामुळे आमच्या अल्बमात मुलीचे वडील जवळजवळ कुठेच नाहीत, पण त्यांची सावली आहे. रंकाळ्यावर, अंगणात, मुलीच्या पहिल्या सायकलीपुढे, खालच्या बाजूनं एक लांब सावली चौकटीत शिरलेली, कोपरं बाहेर काढलेली. मुलगी बघत्येय त्या सावलीच्या डोक्याकडे. त्या फोटोंत मुलगी कधी रुसलेली आहे, कधी डोळे मिचकावून उन्हाला वैतागलेली. बापाकडे बघण्याच्या तऱ्हा तेवढ्या सगळ्या आहेत.

मामाचं पारडं जड होतंय हे बघून भाचीनं आपला हुकमी पत्ता काढला. आजीच्या शेवटच्या वर्षातला, तिनं काढलेला फोटो. आजी मटार सोलतेय, कवळी काढून ठेवलेली, आणि कशाला तरी इतकी हसली आहे की डोळे पार मिटले आहेत. एक हात वर येतोय, थोडा हललेला.

भाची : आता यात तुझी करंगळी शोधू नकोस. हा फोटो बघून तिला न भेटलेली माणसंही हसतात. इन्स्टाग्रामवर टाकला तेव्हा किती जणांनी आपापल्या आजीबद्दल लिहिलं. तू शंभर वेळा डोळे मिटायला लावून हा काढशील?

मामा : नाही काढणार. तो हात कशासाठी वर आलाय?

भाची : हसताना...

मामा : तोंड झाकायला. तिला कवळीशिवाय कुणी बघितलेलं चालत नसे. दारावर दूधवाला आला तरी पदर तोंडाशी जायचा. ती तुला नको म्हणत होती, आणि तिचा हात तोंडाशी पोचायच्या आत तू बटण दाबलंस.

भाची : त्या हातामुळेच तर तो जिवंत आहे!

मामा : मलाही कळतंय ते. मीही फोटोवालाच आहे. म्हणून तर राग येतो.

भाची : मग तुला काय हवंय, फक्त कोटातली माणसं? लॅरी सुल्तानचं काम बघ. त्यानं वर्षानुवर्षं आपल्या आईवडिलांचे फोटो काढले, घरात, बागेत, झोपायच्या खोलीत. १९९२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात वडील सूट घालून पलंगाच्या कडेला बसलेत असा एक फोटो आहे. बघणाऱ्याला वाटतं, निवृत्त माणसाचं सगळं रितेपण त्यात आलं.

मामा : आणि वडिलांना काय वाटलं?

भाची : (नाइलाजानं) त्यांना पटला नाही. त्यांचं म्हणणं, पलंगावर बसलेलं ते दुःख माझं नाही, ते फोटो काढणाऱ्या मुलाचं आहे.

मामा : शहाणा माणूस.

भाची : पण मुलानं वडिलांचं हे म्हणणंही पुस्तकात छापलं, मामा. लपवलं नाही.

हे महत्त्वाचं आहे आणि मामानं ते पुरेसं ऐकून घेतलं नाही असं मला वाटतं. म्हणून मी ताटली खाली ठेवून मध्ये पडले. रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाची आई १९७७ मध्ये गेली. त्यानंतर तिचे फोटो चाळताना त्याला तिचा एक जुना फोटो सापडला, ती पाच वर्षांची असतानाचा, भावाबरोबर उभी, झाडं ठेवायच्या काचेच्या घरात. मोठेपणीच्या कुठल्याच फोटोत न सापडलेली आई त्याला या पाच वर्षांच्या मुलीत सापडली. १९८० साली त्यानं फोटोवर पुस्तक लिहिलं. त्याचा निम्मा भाग या एका फोटोभोवती फिरतो. पुस्तकात इतर फोटो आहेत, हा नाही. तो फोटो त्याच्यासाठी जे होता ते इतरांसाठी असणार नाही, चारचौघांना तो कुठल्याही जुन्या फोटोसारखाच वाटेल, म्हणून त्यानं तो छापला नाही.

मी लेकीला म्हटलं, तुझ्या फोटोत आजी हसतेय ती तुझ्याकडे बघून. तशी ती माझ्याकडे बघून कधी हसली नाही, मामाकडे बघून तर नाहीच. फोटो उत्तम आहे आणि तू तो काढलास हे बरंच झालं. पण तो हात दूधवाल्यासाठी वर यायचा. तुझ्या इन्स्टाग्रामवर सगळे दूधवालेच आहेत.

भाची : म्हणजे काढून टाकू?

मी : अल्बमात लाव.

मामा : मोठा करून लाव. फक्त हात कापू नकोस.

यानंतर चहा झाला आणि विषय निघाला मार्चमधल्या मुंजीचा. मुंज मामाच्या नातवाची, फोटो भाची काढणार हे आधीच ठरलेलं. आता वाद उभं कुठं राहायचं यावर.

भाची : मातृभोजनाला मी समोर बसणार नाही. वहिनीच्या मागे, डाव्या बाजूला, जमिनीवर. पोराचा चेहरा मिळेल, तिचा फक्त भरवणारा हात.

मामा : सुनेचा चेहरा नको? एका पानात जेवायची शेवटची वेळ, म्हणून बायका डोळ्याला पदर लावतात. तेवढा तरी घे.

भाची : समोर कॅमेरा दिसला की तिला वाटेल आता रडायला हवं. मागे असले तर तिचं लक्ष पोराकडे राहील. आणि पोरगं कुठं रडतंय? त्याचं सगळं लक्ष शेजारी बसलेल्या अष्टवर्गातल्या मुलांच्या पानात जिलबी किती पडली याकडे असणार. मला तेच हवंय. आई घास धरून बसलीय आणि मुलगा भलतीकडे बघतोय.

मामा : (थोडा विचार करून) घे. पण तिथला तो जांभळा दिवा बंद करायला सांग कार्यालयवाल्याला. सगळ्या पंगतीचे चेहरे वांग्याच्या रंगाचे येतात. आणि ग्रुप माझा. सगळे घरचे, पायऱ्यांवर, जेवणाच्या आधी. जेवल्यावर माणसं बसतात ती उठत नाहीत.

भाची : ट्रायपॉड लावून देते, रिमोट तुझ्या हातात. कॅमेऱ्याशेजारी उभा राहा, तुझ्या पद्धतीनं.

मी : म्हणजे नातवाच्या मुंजीच्या फोटोत आजोबाच नाहीत?

भाची : मग मामा, तू मध्ये बस. रिमोट तिथूनही चालतो.

मामा : आणि लोकांनी बघायचं कुठं? नुसत्या तिपाईकडे? कुणीतरी उभं हवं तिथं.

भाची : भटजींना उभं करू.

मामा : भटजींकडे बघून कुणाच्या तोंडावर हसू येणार आहे?

भाची : तुला तर हसू नकोच होतं!

मामा : केटररला उभं कर. जेवणाच्या आधी सगळे त्याच्याकडेच बघत असतात.